इथून पुढं कुठं?

श्रोतेहो, आज आपल्याशी प्रवासाविषयी बोलायचे आहे. पण स्थळवर्णन करायचे नाही. रस्त्याने जाणारा माणूस वाटेवरच्या अनोळखी माणसाला काही विचारतो आणि तो अनोळखी माणूस त्याला काही सांगतो, एवढ्याच गोष्टीविषयी बोलायचे आहे.

खेड्यात राहणाऱ्यांवर वाट विचारण्यापेक्षा ती सांगण्याची पाळी अधिक वेळा येते. पाराजवळ मोटार थांबते, काच खाली होते, आणि ‘अहो मामा, तेरला कुठून जायचं?’ असा प्रश्न येतो. हल्ली ही पाळी कमी झाली आहे. खिशातला मोबाईलच वळण आले की सांगतो, आणि परगावचा माणूस चार गावे ओलांडून जातो तो कोणाशी एक शब्दही न बोलता. सोय झाली यात शंका नाही. पण ही सोय अगदी अलीकडची. त्याआधीचा सगळा प्रवास तोंडी चाले. तोंडाने विचारीत गेले की काशीही गाठता येते, अशी जुन्या माणसांची खात्री होती आणि ती गाठीतही.

आपल्या भागातल्या रेल्वेने तर ही विचारपूस गृहीतच धरली होती. बार्शी लाईट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली सुरू झाली आणि १९११ साली लातूरला पोचली. त्या मार्गावरची नावे पाहा. कुर्डुवाडीला पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणत. ढोकीच्या अलीकडे ‘कळंब रोड’ आहे, पुढे लातूरच्या बाजूला ‘औसा रोड’ आहे. स्टेशनाच्या नावाला ‘रोड’ जोडलेले दिसले म्हणजे समजावे की ते गाव इथे नाही. इथे उतरा आणि पुढची वाट विचारा, असा त्या पाटीचा अर्थ. २००८ पर्यंत हा मार्ग रुंद झाला, गाड्या मोठ्या झाल्या. पण पाट्यांवरचे ‘रोड’ मात्र अजून तसेच आहेत.

लोकांच्या सांगण्यावरून चाललेल्या प्रवासाचे मराठीतले सर्वांत नामी उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरात दारिद्र्य, डोक्यावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, एवढी बातमी कानावर आली आणि १८५७ साली हे काका-पुतणे उत्तरेकडे निघाले. नकाशा नाही, वर्तमानपत्र नाही. धर्मशाळेत जो भेटेल त्याचे ऐकायचे आणि उद्याचा मुक्काम ठरवायचा. महूच्या सुमाराला त्यांना पलटणीतले शिपाई भेटले. काडतुसांवरून पलटणी बिथरल्या आहेत, लवकरच मोठी गडबड होणार, तेव्हा आल्या वाटेने परत फिरा, असे त्या शिपायांनी या दोघांना बजावले. आता गंमत पाहा. अनोळखी माणसाचा सल्ला याहून खरा असू शकत नाही. सांगणारा प्रत्यक्ष बंडाच्या तोंडावर उभा असलेला शिपाई होता. पण काका-पुतण्यांनी तो मानला नाही, कारण मागे घरी कर्ज उभे होते. ते पुढे गेले आणि थेट झाशीच्या वेढ्यात सापडले. लुटले गेले, उपाशी राहिले, शेवटी आईबापांसाठी खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी पोचले. चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली छापले, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. शाळेच्या कपाटात नसेल तर गुरुजींनी जरूर आणावे. त्यात लढाई आहेच. पण पानापानांवर कोण कुठे भेटला आणि त्याने काय सांगितले हे आहे.

हे पुस्तक वाचता वाचता आम्हांला एक प्रयोग सुचला. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या महाविद्यालयातले इतिहासाचे एक सहकारी आणि मी असे दोघे त्यांच्या जुन्या मोटारीतून निघालो. ठरविले असे की, सुरुवात ढोकीपासून करायची, मोबाईल पिशवीत ठेवायचे, आणि भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायचा : ‘इथून पुढं कुठं जावं?’ तो सांगेल तिकडे जायचे. ढोकी अशासाठी की, लातूर-बार्शी रस्त्यावरचे ते चांगले नांदते गाव. आगगाडीचे स्टेशन आहे, साखर कारखाना आहे, आठवड्याची देवघेव करणारी आसपासची खेडी आहेत. तिथे सांगणाऱ्यांना तोटा नाही.

खरोखरच नव्हता. चहाच्या टपरीवर प्रश्न टाकला तर टपरीवाल्याने आधी आम्हांलाच विचारले, “कामाला आलाव का हिंडायला?”

“हिंडायला.”

“मग हितं काय हाय? तेरला जावा. गोरोबाकाकाचं दर्शन घ्या.”

बाकावर एक म्हातारबाबा बशीतून चहा पीत होते. त्यांना हे पसंत पडले नाही. “आधी कारखाना तर बगू दे की त्यांस्नी,” ते म्हणाले. तेरणा कारखाना हा मराठवाड्यातल्या जुन्या सहकारी साखर कारखान्यांपैकी एक. मधली कित्येक वर्षे तो बंद होता. बाबांची उभी नोकरी तिथे झालेली. “भोंगा बंद झाला तवा गावातलं घड्याळच बंद पडल्यागत झालं,” असे ते म्हणाले. आम्ही कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. कोणत्याही प्रवासी पुस्तकात हे फाटक नसणार. पण पाहुण्याला गावात काय दाखवावे, याचे त्या माणसाचे उत्तर पक्के होते : आम्ही जिथे घाम गाळला ते दाखवावे.

इथेच दोन शब्द वाट विचारण्याच्या पद्धतीविषयी सांगतो. ‘हा रस्ता तेरलाच जातो ना?’ असे कधी विचारू नये. दहांपैकी आठ माणसे ‘हो’ म्हणतात. ती खोटे बोलत नाहीत. तुम्ही आशेने विचारता, तुम्हांला नाही कसे म्हणावे, अशी ती भिडस्त माणसे असतात. ‘तेरचा रस्ता कोणता?’ असे विचारावे, म्हणजे त्याला हात करून दाखवावेच लागते. ‘माहीत नाही’ हे शब्दही आपल्याकडे जडच जातात. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे, या भावनेने माणूस काहीतरी सांगतोच. म्हणून दोघांना विचारावे. आणि ज्या गावाला जायचे तिकडून येणारा कोणी भेटला तर त्याचे अधिक मानावे. ‘जवळच आहे’ या शब्दाचा अर्थ सांगणारा पायी चालतो, सायकलीवर असतो की मोटारसायकलीवर, यावर अवलंबून असतो. आणि आमच्या भागात डावे-उजवे फारसे कोणी म्हणत नाही. उगवतीकडे, मावळतीकडे, वरल्या अंगाला, खालच्या अंगाला, ओढा उतरला की, पाणंद सुटली की, पाण्याची टाकी दिसली की, अशी भाषा असते. या भाषेत सांगितलेली वाट ऐकताना समोर गाव उभे राहते. रस्त्यावर सोयाबीन वाळत घातले आहे, जरा कडेने घ्या, हेही त्यातच येते. ते मोबाईलला कळत नाही.

ढोकीहून तेरला गेलो. तेरविषयी बोलावे तितके थोडे. पण आपल्या विषयापुरतेच बोलतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने एक पुस्तक लिहिले. त्याला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लाल समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत कोणते बंदर कुठे, तिथे काय विकते, काय मिळते, याची ती माहिती आहे. त्यात तो सांगतो की, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. तगरहून साधे कापड पुष्कळ येते, तलम मलमल येते, आणि हा सगळा माल जिथे नीट रस्तेही नाहीत अशा मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला पोचतो. हा व्यापारी स्वतः इतका आत आला नसावा, असेच बहुतेक अभ्यासक मानतात. भडोचच्या धक्क्यावर कोणा गाडीवानाने, कोणा दलालाने सांगितले असेल ते त्याने लिहून ठेवले. म्हणजे आपल्या तेरविषयी परदेशात पोचलेली ही पहिली लेखी माहिती एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाला सांगितलेली वाट आहे!

आणि त्या वाटेने पुढे विद्वानांना किती फिरविले! एकोणिसाव्या शतकात तगर कोठे, यावर मोठा वाद चालला. कोणी म्हणे देवगिरी, कोणी म्हणे जुन्नर, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा कौल धारूरकडे होता. शिलाहार राजे तर आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. पण ते पुर कोठे हे ताम्रपटात कशाला लिहितील? अखेर १९०१ साली फ्लीट या शिलालेखतज्ज्ञाने तगर म्हणजे हेच तेर असे दाखवून दिले. इतकी वर्षे पंडित वाद घालीत होते आणि तेरची माणसे तेरमध्येच राहत होती. पावसाळ्यात पांढरीची माती वाहून गेली की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीच्या बाहुल्या वर येत. मुले त्यांच्याशी खेळत. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तूंचे मोल ओळखले आणि आयुष्यभर त्या जमविल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरमध्ये आहे, ते त्या संग्रहावर उभे आहे. हस्तिदंताची एक सुंदर स्त्रीमूर्ती तेरला सापडली. तिच्यासारखी मूर्ती इटलीत पाँपेई येथे, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात, निघालेली आहे. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ जरूर पाहावे. मागची बाजू अर्धगोल आणि छप्पर थेट बैलगाडीच्या टपासारखे. मूळचा तो बौद्ध चैत्य असावा असे अनेक जाणकार मानतात. गाड्यांनी मोठ्या झालेल्या गावात असेच छप्पर शोभते, असे मला आपले वाटून गेले.

गोरोबाकाकांच्या देवळातून बाहेर पडलो आणि तेरणेच्या काठी शेळ्या राखणाऱ्या एका पोराला आमचा ठरलेला प्रश्न विचारला. पोरगा बारावीत होता, सुटीत आजोबांच्या शेळ्या राखीत होता. त्याने क्षणभरही विचार केला नाही. “तडवळ्याला जावा सर. बाबासाहेब आलते तिथं.” म्हणजे पुन्हा ढोकीवरूनच मागे जायचे. नकाशा पाहून कोणी अशी वाट आखणार नाही. पण शब्द दिला होता, म्हणून निघालो, आणि बदल म्हणून आडरस्ता धरला.

त्या आडरस्त्यावर एक गाव लागले. नाव सांगत नाही. असे गाव शोधायला कोणालाच फार लांब जावे लागत नाही. पारावर चार-पाच माणसे बसली होती. माझ्या सहकाऱ्यांनी खाली उतरून तडवळ्याची वाट विचारली. एक पोक्त गृहस्थ अगत्याने म्हणाले, “या, बसा, पाणी घ्या.” मग कुठले, काय करता, अशी चौकशी झाली. मग म्हणाले, “आडनाव काय म्हणलाव?” मी माझे सांगितले. त्या आडनावाचे पाहुणे कोणकोणत्या गावी आहेत ते त्यांनी लगेच मोजून दाखविले, आणि मान माझ्या सहकाऱ्यांकडे वळविली. त्यांनी आपल्या गावाचे नाव सांगितले.

“ते झालं. पण आडनाव?”

सहकाऱ्यांनी आडनाव सांगितले. क्षणभर कोणी बोलले नाही. कोणी वावगा शब्द काढला नाही, हे मुद्दाम सांगतो. पाणी आले, चहाही आला, आणि तो आम्हां दोघांनाही सारख्याच पेल्यांतून मिळाला. पण त्या क्षणानंतरचे सारे बोलणे माझ्याकडे पाहून झाले. वाट विचारली होती सहकाऱ्यांनी. सांगितली गेली ती मला.

गाडीत बसल्यावर ते हसून म्हणाले, “सर, मला त्या मोबाईलचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठीच. तो वाट सांगतो, आडनाव विचारत नाही.”

यावर काय बोलणार? बराच वेळ आम्ही दोघेही गप्प होतो.

श्रोतेहो, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे नाव; व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याचा परवाना. पुस्तिका लहानशी आहे, आठवीच्या मुलालाही समजेल. तिच्यातली पहिली आठवण १९०१ सालातली. वडील साताऱ्याकडे खटाव तालुक्यात गोरेगाव येथे नोकरीला होते. त्यांना भेटायला नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे अशी मुले नवे कपडे घालून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. पत्र वेळेवर न मिळाल्यामुळे घ्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर प्रेमाने चौकशी करू लागले. कोणाची मुले, कुठे निघालात? आणि मुलांनी, मुलेच ती, आपण महार असल्याचे सांगून टाकले. मास्तरांचा चेहरा पालटला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या. पण गाडीवान तयार होईनात. शेवटी एक जण कबूल झाला तो असा : भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि तो स्वतः बाजूने पायी चालणार. रात्र झाली. जवळ खायला होते, पण प्यायला पाणी नव्हते. गाडीवानाने सांगून ठेवल्याप्रमाणे नाक्यावर छोट्या भीमरावाने आपण मुसलमान आहोत असे सांगून उर्दूत पाणी मागून पाहिले. तेही मिळाले नाही. मुले उपाशी झोपली आणि दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोचली.

हा प्रवासही अनोळखी माणसांच्या सांगण्यानेच झाला. फरक इतकाच की गोडसे भटजींना प्रत्येक मुक्कामी लोकांनी वाट सांगितली, पाणी दिले, शिधा दिला. आणि त्यांच्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, रेल्वे आलेल्या काळात, या मुलांना मात्र एका गाडीच्या टप्प्यावर तेही मिळू नये.

आणखी एक गोष्ट आहे. ती आपण विसरून जातो. जुन्या गावगाड्यात परगावच्या माणसाला वाट दाखविण्याचे काम कोणाचे होते? महाराचे. वतनाच्या कामांतले ते एक काम. सरकारी अंमलदार आला की त्याच्यापुढे चालायचे, ओझे घ्यायचे, पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचे आणि तिथे त्या गावच्या महाराच्या हवाली करायचे. गावाची शीव कुठून कुठे जाते, कोणता दगड हद्दीचा, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसे. शिवेची भांडणे त्याच्या साक्षीने मिटत. दिवस असो की रात्र, बोलावणे आले की उठायचे. स्वतः आजारी असला तर घरातल्या कोणी तरी जायचे. याचा मोबदला म्हणजे वतनाचा जमिनीचा तुकडा आणि बलुते. सगळ्या मुलखाचा वाटाड्या तो, आणि त्याच मुलखातल्या विहिरीवर पाणी प्यायची त्याला बंदी! हे वतन सुटल्याशिवाय माणूस मोकळा होणार नाही, हे बाबासाहेबांनी फार लवकर ओळखले. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कायद्याने ही वतने मुंबई राज्यात रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

तडवळे, म्हणजे कसबे तडवळे, ढोकीपासून मावळतीला. फेब्रुवारी १९४१ मध्ये तिथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला बाबासाहेब आले. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. ज्यांच्या आयुष्यात हुकूम झाला की पुढे चालायचे एवढाच प्रवास लिहिलेला होता, ती माणसे त्या दिवशी गावोगावाहून आपल्या मनाने चालत तडवळ्याला आली. आम्ही गेलो तेव्हा दुपार कलली होती. किराणा दुकानासमोर बसलेल्या एका आजोबांना आम्ही परिषदेबद्दल विचारले. त्यांचा जन्मही नंतरचा. पण वडिलांच्या तोंडून ऐकलेले त्यांना सगळे पाठ होते. गर्दी कुठवर होती, हे त्यांनी हात लांबवून दाखविले. माझ्या सहकाऱ्यांना त्यांनी शेजारी बसविले आणि ते बराच वेळ त्यांच्याशी बोलत राहिले. इकडे मी दुकानदाराशी सोयाबीनच्या भावाच्या गोष्टी करीत होतो. आडनाव कोणी कोणाला विचारले नाही.

आता शिक्षक श्रोत्यांसाठी थोडेसे. मुलांना भूगोलात नकाशा शिकवतो तसे एकदा वर्गात असे करून पाहावे. ‘परगावचा माणूस थांब्यावर उतरला आहे. त्याला तुझ्या घरी यायचे आहे. त्याला वाट सांग,’ एवढेच लिहायला द्यावे. मुले पार लिहितील, मारुती, टाकी, दूध डेअरी लिहितील. कोणी रस्त्याकडेच्या दगडांचे रंग लिहील, तर तिथल्या तिथे सांगून टाकावे की पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा आणि केशरी असला तर ग्रामसडक. पण वह्या तपासताना आणखी एक पाहावे. कोणत्या मुलाने वाट सांगताना वस्तीला जातीचे नाव वापरले? आणि त्या वस्तीतल्या मुलाने आपल्या घराची वाट कशी सांगितली? डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाट्या काही ठिकाणी बदलल्या, काही ठिकाणी बदलायच्या आहेत. तोंडातले नाव बदलले की नाही, ते मात्र या वह्यांत दिसेल. मुलांना रागावू नये. त्यांनी ऐकलेलेच ते लिहिणार. नवे नाव घालून वाट पुन्हा एकदा मोठ्याने सांगायला लावावी.

आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत. पहिल्या नेमणुकीच्या गावी त्या एकट्याच उतरल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्या सांगतात, “मी पारावर विचारलं नाही. जिथं बाया पाणी भरत होत्या तिथं जाऊन विचारलं.” त्यांतली एक जण डोक्यावर घागर घेऊन शाळेपर्यंत सोबत आली. तेव्हा कोणाला विचारायचे हेही ज्याचे त्याला ठरवावे लागते. पुरुषाला जो पार मोकळा वाटतो तो बाईला वाटत नाही, ही गोष्ट गावातल्या पुरुष मंडळींनी ऐकून ठेवण्यासारखी आहे.

तडवळ्याच्या आजोबांनी आम्हांला येडशीकडे धाडले. रामलिंगला जा म्हणाले. येडशीजवळच्या घाटात, डोंगराच्या कुशीत हे महादेवाचे स्थान आहे. भोवती अभयारण्य आहे, आणि माकडे इतकी धीट की हातातली पिशवी सांभाळून चालावे लागते. सीतेला सोडविताना घायाळ झालेला जटायू रामाला इथेच भेटला, असे इथले लोक सांगतात. म्हणजे तोही एका प्रकारे वाटेवर भेटलेला, सीता कोणत्या दिशेला गेली हे सांगणारा. माझ्या सहकाऱ्यांना ही कथा फार आवडली. पायरीवर बसून त्यांनी ती मला पुन्हा दोनदा ऐकवली, आणि प्रत्येक वेळी जटायूची बाजू घेतली.

तोवर ऊन उतरले. एक मावशी नारळ-फुलांचे दुकान आवरून टोपली बांधीत होत्या. पिशवीतले मोबाईल दिवसभर काढले नव्हते. सहकाऱ्यांनी पुढे होऊन शेवटचे विचारले, “मावशी, इथून पुढं कुठं जावं?”

मावशींनी आमच्याकडे पाहिले, मग आभाळाकडे पाहिले.

“आता कुठं जाता दादा? दिस बुडाला. येडशीला जावा, तिथनं बार्शीची गाडी बी घावंल अन् लातूरची बी. अन् मला तेवढं फाट्यापर्यंत सोडा, माझी टोपली जड हाय.”

टोपली सहकाऱ्यांनी उचलली. मावशी पुढे बसल्या, मी मागे. फाटा येईपर्यंत त्यांनी आम्हांला कोणत्या वळणावर कोण राहते, कोणाची मुलगी कुठे दिली आहे आणि कोणत्या शेतातल्या विहिरीचे पाणी गोड आहे, ते सगळे सांगितले.